अकरावा आपल्या घरचा

आबा,

तुमचा संघ पाच गोलांनी हरला. आपल्याच मैदानावर, विसरवाडीच्या संघाकडून, आणि ही लागोपाठ सातवी हार. आधी हेच सांगून टाकते, कारण तुम्हाला दुसरं काही ऐकण्यात रस नसायचा. एकदा माय तापाने फणफणत होती. तुम्ही नंदुरबार स्टेशनाची ड्युटी करून घरी आलात, मी दारातच रडत रडत सांगायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "ते मंग सांग. पहिले सांग, कोन जितनं?" कोण जिंकलं ते मला माहीत होतं. मी सांगितलं. मग तुम्ही टोपी काढली आणि मायच्या खाटेजवळ गेलात. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली आता. तेवीस वर्षं मी तुमच्याबद्दल चांगलंच बोलत आले, कारण गेलेल्या माणसाबद्दल तसंच बोलतात. पण या आठवड्यात माझं डोकं फिरलंय आणि तुमच्याशी भांडायचं आहे. चौथीतून तुम्ही मला काढलंत, शेणगोठा कोण करणार म्हणून, त्यामुळे लिहिण्यात चुका होतील. त्या तुमच्या नावावर धरा.

मॅचचं सांगते. कापसाची शेवटची वेचणी उरकली की आपल्या मैदानावर थंडीचे सामने लागतात, ते अजून लागतात. जिल्हाभरातले संघ येतात. फक्की मारली, मंडप टाकला, सगळं तुमच्यासारखंच. गाव जमलं होतं, पण ते गाव तुमच्या वेळचं नाही. तुमच्या वेळी माणसं खेळ बघायला यायची, आता चार वर्षांपासून थट्टा करायला येतात. पहिला गोल बसला तेव्हाच मागून आवाज आला, "खाट टाका रे गोलमा! खाट तरी आडवी ऱ्हाई!" सगळे हसले. दुसऱ्या गोलाला कोणी तरी ओरडलं, "त्याना आजा वाघ व्हता, हाऊ बकरी बी नही!" आबा, वाघ म्हणजे तुम्ही. आणि बकरी म्हणजे माझा मुलगा, तुमचा नातू, जो तुमच्या जागी गोलात उभा असतो. तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता. मी बांधावर, लिंबाखाली बसले होते. मी काय गप्प बसणारी आहे? मी वळून म्हटलं, "मंग तू उतर ना मैदानमा! पोट देख तुन्हं, गोलच भरी जाई!" त्यावरही हसले. हल्ली माझ्या शिव्यासुद्धा लोकांना करमणूक वाटते.

हाफ टाइमला मी डोळ्याने पाहिलं, कोणी तरी जाऊन आपल्या गोलच्या दांड्याला सुतळीने चाळणी बांधली. गहू चाळायची, मोठी. म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेल. लोक शिट्ट्या मारायला लागले. मी उठले, पदर खोचला आणि तरातरा मैदानात चालत गेले, पंच हात करत राहिला तरी. जवळ जाऊन बघते तर चाळणी माझी! कडेला माझा लाल दोरा. शेजारच्या वहिनीने सकाळीच मागून नेली होती, गहू चाळायचेत म्हणून. तिच्या दिराने तिथून उचलली. मी ती सोडवून काखेत मारली आणि सगळ्या गावादेखत बांधापर्यंत परत आले, आणि वहिनी मला म्हणते, "बाई व, माले माहीतच नही, मी ते अजून गहू बी काढा नहीत." मी तिच्याशी अजून बोलत नाही. चाळणीही पुन्हा देणार नाही.

नंतर लोक उठायला लागले. दोन-दोन, चार-चार. पोती झटकली, पोरं कडेवर घेतली, निघाले. काही जण गेले नाहीत पण मैदानाकडे पाठ करून बसले आणि विड्या ओढत कापसाच्या भावाचं बोलत राहिले. मला गोलांपेक्षा ते लागलं. चौथा गोल, पाचवा गोल. पाचवा तर असा की चेंडू गडगडत आला, म्हातारं माणूस चालतं तसा, आणि मुलगा उजवीकडे पडला तर चेंडू डावीकडून गेला. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, आबा. मीच ओरडले. "निंघ बाहेर! घर चाल!" आधी कोणाच्या लक्षात आलं नाही कोण ओरडलं ते. मग आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, हातमोजे काढले, चाळणी बांधली होती त्याच दांड्याला टांगले आणि घराकडे चालू लागला. उरलेली दहा मिनिटं तुमचा संघ गोलीशिवाय खेळला, आणि त्या दहा मिनिटांत गोल झाला नाही. त्यावर गावात काय काय विनोद झाले ते मी लिहीत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. ही पोरं आळशी नाहीत. लोक म्हणतात मोबाइलने वाया गेली, गुटख्याने वाया गेली. तसं नाही. संघ तुमच्या नियमाने वाया गेला. मंडळाच्या खोलीत शिरलं की समोरच्या भिंतीवर तुम्ही ऑइलपेंटने लिहवून घेतलेलं आहे, अजून चकचकीत: पाच गल्ल्या, दर गल्लीचे दोन गडी, अकरावा गोली मैदानवाल्याच्या घरचा. मैदानवाले म्हणजे आपण, कारण ती आपली पडीक जमीन तुम्ही खेळायला दिलीत. मला आठवतं तुम्ही तो नियम का केलात. पहिल्याच वर्षी संघ निवडताना वरची गल्ली आणि पिंपळ गल्ली यांच्यात काठ्या निघाल्या होत्या. ज्याचं पोरगं राहिलं तो म्हणे आमचा अपमान. तुम्ही रात्रभर जागून तोड काढलीत, सगळ्यांना सारखं, आणि भांडण मिटलं. तेव्हा तो नियम शहाणपणाचा होता, हे मी मानते. तुम्ही कोणत्याही गल्लीचं कोणतंही ठोंबरं पोरगं उचलून त्याला दोन वर्षांत गडी करायचात. रेल्वेच्या मैदानावर शिकून आला होतात, पायात खेळ होता, तोंडात शिवी होती. तुम्ही होतात तोवर नियम चालला.

आता बघा काय आहे. चावडी गल्लीत खेळण्याच्या वयाचे दोनच आहेत आणि त्यातला एक एक्केचाळीस वर्षांचा, गुडघ्याला पट्टा बांधून उतरतो. पिंपळ गल्लीचे सगळे सुरतेला कामाला, तर त्यांचा एक गडी फक्त मॅचपुरता येतो, बसमधून उतरतो तो सरळ मैदानात, सराव म्हणून काही नाही. त्याला काढा म्हटलं तर पिंपळ गल्ली म्हणते, आमची जागा रिकामी ठेवा पण दुसऱ्या गल्लीला देऊ नका. आणि गोली आपल्या घरचा! माझा मुलगा उंचीला माझ्याएवढा. त्याचे हात मोटरीत चांगले चालतात. गावात कोणाची विहिरीवरची मोटर जळाली की तो एका दिवसात भरून देतो, शेजारच्या गावचे लोक येतात त्याच्याकडे. पण भाऊ मला नाही, तुम्ही घरजावई आणलात, आणि मला मुलगा एकच. तर अकरावा तो. त्याला हवं की नको हा प्रश्नच कधी आला नाही. मला तरी कुठे आला?

आणि आता ते सांगते ज्यासाठी हे लिहायला बसले.

सराव तुमचा संध्याकाळी असायचा. मी भाकरी घेऊन मैदानावर येते. दिवस मावळतीला लागलेला, तापीकडून गार वारा येतोय. एका बाजूला तुमचे अकरा, दुसऱ्या बाजूला हाताला लागतील ते, त्यात आपला सालदार. वीस-एकवीस वर्षांचा असेल, नाल्यापलीकडच्या भिलाटीतला, दिवसभर आपल्या शेतात राबलेला. अनवाणी. चेंडू त्याच्या पायाशी आला की तो खाली बघतही नाही. तुमच्या पाच गल्ल्यांच्या पाच जणांना मागे टाकतो आणि तुमच्यासमोर येऊन उभा राहतो आणि हसतो. मारत नाही. मालकाला गोल कसा मारायचा. तुम्ही ओरडता, "मार ना रे, भ्याड!" तो मारतो. तुम्ही पडता, चेंडू आत, आणि तुम्ही तिथेच फक्कीत पडून हसता आहात, पांढरे झालेले. मी तुम्हाला तसं हसताना घरात कधी पाहिलं नाही.

आणि रविवारी मॅच असली की तो आपली गुरं घेऊन नाल्याकडे.

मी तुम्हाला एकदाच विचारलं. माझं लग्न झालेलं होतं, मी काही लहान नव्हते. भाकरीचं फडकं सोडता सोडता म्हटलं, आबा, याला घ्या की मॅचमध्ये, सगळ्यात बरा तोच खेळतो. तुम्ही कांदा फोडत होतात. वर न बघता म्हणालात, "त्यानी गल्ली कोठे शे?" मी म्हटलं, गल्ली नाही तर काय झालं, गावातच राहतो ना? तर तुम्ही सगळ्या गड्यांसमोर मला म्हणालात, "तू भाकरी देवाले उनी ना? मंग भाकरी दे." ते सगळे खाली बघून जेवत राहिले. तोही तिथेच होता, जरा लांब, आपली भाकर हातावर घेऊन. त्याने ऐकलं. तुम्हाला गल्ल्या पाच दिसल्या आबा, आणि नाल्यापलीकडे चाळीस घरं आहेत ती दिसली नाहीत. रोज त्याच घरांतल्या माणसाकडून गोल खाऊन हसत होतात, तरी दिसली नाहीत. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण मी भाकरी दिली.

तर विसरवाडीच्या मॅचनंतर दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक बसली. मी गेले. बाई कशाला, असं कोणी तरी पुटपुटलं, पण मैदानाचा सातबारा माझ्या नावावर आहे, म्हणून मोठ्याने बोललं नाही. तासभर काय बोलणं चाललं होतं ऐका. एक जण म्हणे आपला गोल दक्षिणेला तोंड करून आहे, ते अशुभ, गोल फिरवू. एक म्हणे भैरोबाला नारळ राहिलाय. अध्यक्ष, म्हणजे तुमच्या काळचा राइट आउट, आता पोट सुटलंय आणि दात गेलेत, तो म्हणे ड्रेसचा रंग बदलू. मी ऐकत होते. मग उभी राहिले आणि म्हटलं, "भिंतवर लिखेल शे ते पुसा. जो खेळस तो घ्या. भिलाटीना घ्या."

मग अध्यक्ष म्हणतो, "ताई, तुन्हाच बापनी करेल नियम शे. आबांना शब्द आम्ही कसा मोडाना?"

"शब्द मन्हा बापना शे ना? मंग मीच मोडस."

"असं कसं? गावना इचार..."

"गाव उठीसन चाली गयं काल. पाठ करीसन बठनं. त्या गावना इचार करी ऱ्हायनात का तुम्ही?"

तेव्हा कोपऱ्यातून एक जण म्हणाला, त्याच वहिनीचा दीर, चाळणीवाला, "मंग पहिले तुन्हा पोऱ्याले काढ. अकरावा तुन्हाच घरना शे." तो मला अडवायला बोलला. त्याला वाटलं आता ही बसेल खाली. आणि आबा, खरं सांगते, क्षणभर बसावंसं वाटलं. तुमचं घर, तुमची जागा. पण मी म्हटलं, "काढा." आणि म्हटलं, नियम पुसला नाही तर उद्याच मी मैदानात नांगर घालते, हरभराही येईल आणि कापूसही येईल, आणि मग काढा नवा संघ गल्लीत. पुसायचं ठरलं. चुन्याची बादली मीच आणली, ब्रशही मीच मारला. तीन हात दिले तरी खालचा ऑइलपेंट दिसतो. तुम्ही कोणता रंग आणला होता कोण जाणे.

घरी आल्यावर मुलाला सांगितलं. मला भीती होती तो चिडेल. तो अंगणात कोणाची तरी मोटर उघडून बसला होता, तांब्याची तार मांडीवर. म्हणाला, "माय, तू आरडनी ते बरं झायं. दुसरा कोनी आरडता ते मी आखो एक वरीस उभा ऱ्हातू." मग थोड्या वेळाने तार गुंडाळत म्हणाला, "चार वरीसपाईन माले रविवार उना का पोटमा दुखस." चार वर्षं, आबा. मी त्याला दर रविवारी ओवा देत होते.

मग मी नाल्यापलीकडे गेले. तो सालदार आता पंचेचाळीसचा आहे. तुम्ही असतानाच एका आखाजीला, सालदारांची सालं बदलतात त्या सणाला, त्याने साल बदललं, दुसऱ्याकडे राहिला, मग ट्रॅक्टर चालवायला शिकला, आता त्याचा स्वतःचा आहे, भाड्याने फिरवतो. पक्कं घर बांधलंय. रस्त्यात भेटला तर ट्रॅक्टर थांबवून "बरं शे ना ताई" म्हणतो, पण त्याच्या दारात मी पंचवीस वर्षांत गेले नव्हते. गेले आणि उभ्या उभ्याच सुरू केलं. नियम पुसला, आता तुमची पोरं द्या, चांगली पाच-सहा द्या, तू शिकवायला ये, आबांचा संघ बुडतोय. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हारी ऱ्हायनात म्हनीसन याद उनी का, ताई?"

मी काही तरी बोलले, की मी तर आधीच म्हणत होते, मी तर आबांना तेव्हाच विचारलं होतं. तो म्हणाला, "माले माहीत शे. ऐकं व्हतं मी." एवढंच. मग त्याची बायको चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चहा ल्या ताई पहिले, मंग भांडा." मी बसले. बसल्यावर कळलं की त्यांचा संघ आहे. दोन वर्षं झाली. नाल्याच्या अंगाला, खडकाळ जागेत, दोन बाभळीच्या दांड्या रोवून खेळतात. आणि थंडीच्या सामन्यांत या वर्षी जो नवा संघ लिहिलाय, जो मी कळसाडीकडचा धरून चालले होते, तो त्यांचाच. रविवारी आपल्याशीच त्यांची मॅच. अध्यक्षाने नाव लिहून घेतलं होतं, म्हणे एक तरी मॅच जिंकू. मी चहा तसाच ठेवून उठले. तो म्हणाला, "तुम्ही येज्यात मॅच देखाले. शिव्या देवाले बी येज्यात." तो हसत होता, पण मला राग आला. त्याच्यावर नाही. मी त्याच्याकडे मागायला गेले होते, आणि त्याला आपल्याकडून आता काहीच नको होतं. हे तुमच्यामुळे. तुम्ही त्याला तेव्हा घेतलं असतं तर आज तो तुमच्या खोलीत अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला असता, आणि मी अशी दारात उभी राहून भीक मागितल्यासारखं बोलले नसते. संघ तुमचा, आणि हात पसरायचे मी?

रविवारी गाव लोटलं. जे पाठ करून बसले होते तेही आले, कारण भिलाटीला हरवायचं बघायचं होतं. पहिल्यांदा ओरडणं काय तर, "आते ते जिता रे! आठे बी हारशात का?" माझा मुलगा माझ्या शेजारी बसला होता, बांधावर, शेंगा फोडत. मी त्याला मैदानाबाहेर बसलेला कधी पाहिलं नव्हतं. आपला गोली नवा, वरच्या गल्लीचा, उंच, बरा होता. आपण गोलही मारला, चार मॅचेसमध्ये पहिला, आणि गाव असं नाचलं की मंडपाची एक कड खाली आली. पण मग त्यांनी खेळायला सुरुवात केली. तो ट्रॅक्टरवाला लाइनबाहेर उभा राहून हळू आवाजात सांगायचा, तुमच्यासारखा ओरडत नव्हता, आणि ती पोरं खाली न बघता चेंडू द्यायची. ते खाली न बघणं मी ओळखलं, आबा. एक गोल झाला. दुसरा झाला. ओरडणारे गप्प झाले. कोणी शिव्याही देईना, कोणी उठेना. माझ्या मागे एक म्हातारा, तुमच्याच वयाचा असेल आता, स्वतःशी म्हणाला, "खेय ते याले म्हंतस." तिसरा गोल बसला तेव्हा टाळी वाजली, एकच. मी वळून पाहिलं तर मुलगा वाजवत होता. म्हणाला, "चांगला गोल व्हता, माय. माले ते तीन जलममा अडावता येता नही."

तीन-एक. आठवी हार. तुमचा संघ बंद करायचा की नाही त्यावर अजून बैठका चालल्यात. अध्यक्ष आता म्हणतो दोन्ही संघ एक करू, आणि नाल्यापलीकडून उत्तर आलंय की करू, पण नाव नवं ठेवू आणि सराव त्यांच्या मैदानावर. गाव चिडलंय. मी म्हटलंय मला चालेल. तुम्हाला चालत नसेल तर काय करणार आहात?

मॅच सुटल्यावर तो, आपला जुना सालदार, माझ्याकडे आला. बांधावर टेकला. आम्ही दोघं तुमच्याबद्दल बोललो. त्याला तुमच्या शिव्या पाठ आहेत, त्याने दोन म्हणून दाखवल्या, आम्ही हसलो. मग म्हणाला, तुम्हाला तो अजून मानतो, खेळ तुमच्याकडूनच शिकला. फक्त एक गोष्ट. ज्या वर्षी त्याने साल सोडलं, त्याच्या आधी तुम्ही त्याला एक जर्सी पाठवली होती, तुमची जुनी, रेल्वेच्या संघातली, निळी. तो म्हणाला, "घर जाईसन उकली ते पाठवर नुसता दोरा. नंबर उसाडी टाकेल व्हता. मी म्हंत व्हतू, खेयाडवाना नही ते ठीक शे. पन नंबर काढीसन देवाना म्हंजे... तवढं नही कराले पाहिजे व्हतं आबांनी." आखाजीला तो त्याचसाठी गेला. तुम्ही त्यानंतर वर्षभर म्हणत राहिलात, पोराला काय कमी केलं होतं, न सांगता गेला. दोनदा माणूस पाठवलात. तो आला नाही. तुम्हाला कारण कधी कळलं नाही.

मी त्याला म्हटलं, "हां भाऊ. चुकनंच त्यासनं."

तो उठून गेला, आणि मी बांधावर बसून राहिले. या कागदावर इतकं भांडले तुमच्याशी, आणि हे लिहायचं टाळत आले. खरं तर हा कागद त्याच्या हातात द्यायला हवा. तो मी देणार नाही, मला माहीत आहे माझं. पेटीत मायच्या लुगड्याखाली ठेवीन.

ती जर्सी तुम्ही ट्रंकेतून काढून माझ्या हातात दिली होती, धुऊन त्याला दे म्हणून. आठ नंबर होता पाठीवर, पांढऱ्या कापडाचा, हाताने शिवलेला. धुतली, वाळवली, चुलीपुढे बसून घडी घालायला घेतली, आणि मनात आलं की हा नंबर घालून तो गल्लीतून जाईल तर लोक काय म्हणतील, मला काय म्हणतील. ब्लेड नखं काढायचं होतं. नंबर मी उसवला, आबा. तुम्ही सांगितलं नव्हतं.